झळ येते म्हणून

१

कमलाबाई खोब्रागडे त्या दिवशी टेकडीवर असायलाच नको होत्या. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला त्या वडस्याला गेल्या होत्या आणि परतायला अजून अवकाश होता. पण पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, दिवस खदानीआड गेल्यावर, त्यांची सून खुशबू विहारात दिवा लावायला घरून उतरली आणि खदानीच्या वळणावर तिचे पाय जागीच थिजले. सासू पायरीवर पडली होती. अंगावर पांढरं लुगडं, डोक्याला गच्च गुंडाळलेला पांढरा दुपट्टा तोंडावरून हनुवटीखाली ओढलेला, कपाळाला खोक. हाताजवळ पाण्याची रिकामी बाटली.

बाटली साधीच, प्लास्टिकची, पण तिला गोणपाटाचं अंगडं शिवलेलं. गोणपाट भिजवून ठेवलं की पाणी गार राहतं. टेकडीवरचं शेंबडं पोरही सांगेल, ही मिथुनची बाटली. मिथुन म्हणजे पायथ्याच्या गोकुळाचा पोरगा, खदानीच्या पाण्यात जाळं टाकणारा. पौर्णिमेच्या आधी कमलाबाईंनी त्याला विहारासमोर मासळीचं पाणी सांडलं म्हणून सगळ्यांदेखत झापलं होतं.

खुशबूची किंकाळी ऐकून टेकडी गोळा झाली. पहिल्या वळणावर फुटाणे विकणारी म्हातारी धुरपता कपाळावर हात मारत बसली. "नेलं वं माय! पाणीवालीनं नेलं कमलाले!"

"चूप बसा, धुरपताबाई!" मधल्या वळणावरचे श्रीहरीभाऊ, कचेरीतून निवृत्त झालेले, तिच्यावर डाफरले. "भूतबीत काई नसते. बाटली कोणाची हाये थे पाहा ना!"

मिथुनला शोधायला पोरं धावली. तो खदानीत, आपल्या उपड्या डोंग्याखाली अंग चोरून बसलेला सापडला. काही केलंच नाही तर लपला कशाला, असं जो तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर, ते कोणालाही वाटलं असतं.

२

संघप्रिया उंदिरवाडे त्याच संध्याकाळी भामरागडहून सुटीवर आली. ती पोलिसात फौजदार, पण जन्मानं टेकडीवरची. आई गेल्यापासून घराला कुलूपच होतं. ती पायथ्याशी उतरली आणि शेजारून पोलिसांची जीप गेली. मागच्या जाळीतून मिथुन तिच्याकडे बघत होता. लहानपणी याच पोरानं तिला खदानीत पोहायला शिकवलेलं.

वर गेल्यावर तिला कळलं की मेली ती कमलाबाई. संघप्रिया त्यांना मोठीमाय म्हणायची. आईच्या तापात रात्ररात्र उशाशी बसलेली बाई ती. संघप्रिया विहाराच्या ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडली, पोलिसबिलिस विसरून.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात गोकुळा.

"बाई, माह्या पोट्ट्याले सोडव. तुह्या पाया पडतो. थे लोकं म्हणून राह्यले, खुनाची कलम लावू. जलमठेप होईन त्याले."

"मावशी, तो काहीच बोलत नाही म्हणतात. काऊन बोलत नाही?"

गोकुळानं पदर तोंडात कोंबला आणि मान हलवली. तिला काही ठाऊक होतं, आणि पोराचं आयुष्य पणाला लागलेलं असतानाही ती सांगायला तयार नव्हती. अशी कोणती भीती पोटच्या पोराहून मोठी असते, हेच संघप्रियाला कळेना.

आता ही टेकडी नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चंद्रपूरच्या परकोटाला, म्हणजे गावाभोवतीच्या तटाला, लागलेला दगड म्हणे हिच्याच पोटातून काढला. अर्धी टेकडी राजानं नेली, अर्धी लोकांना राहायला उरली. पायथ्याला मासेमारी करणारी घरं, मध्ये नोकरदारांची पक्की घरं, आणि माथ्यावर छप्पनच्या दीक्षेनंतर खालची वस्ती सोडून चढलेली बौद्ध घरं. कमलाबाईंचे सासरे म्हणायचे, "खाली राह्यलं की दुसऱ्याच्या पायाचं पाणी आपल्या दारात येते." म्हणून ते माथ्यावर गेले आणि त्यांनी सगळ्यात आधी स्वतःची विहीर खोदली. पलीकडून आता मोटारीचा रस्ता झालाय, पण बसस्टँडकडून येणाऱ्याला अजून या दगडी पायऱ्याच जवळ पडतात. झाडून सगळ्यांची दारं त्या पायऱ्यांवर उघडतात.

आणि पाणीवाली? खदान चालू होती तेव्हाची गोष्ट. दगड वाहणारी एक बाई वैशाखाच्या भर दुपारी या पायऱ्यांवर दारोदार पाणी मागत फिरली. तिचा स्पर्श चालत नव्हता, म्हणून एकही दार उघडलं नाही. ती पायरीवरच तडफडून मेली. तेव्हापासून वैशाखातल्या दुपारी ती येते. पांढरं नेसलेली, तोंड नसलेली. बोलत नाही, ओंजळ तोंडाला लावून दाखवते; पाणी मिळालं की मात्र घरच्या माणसाचा आवाज काढून दार वाजवते. तिला जो पाणी देईल त्याच्यापायी टेकडीवरचं माणूस जातं आणि अख्ख्या टेकडीचं पाणी आटतं. ती दिसली की पाठ फिरवायची, दार लावायचं, कडी घालायची.

बरं, टेकडीवर कोणी भूत मानतं असंही नाही! माथ्यावरच्या घरांनी तर बाबासाहेबांची शपथ घेतलेली. पण वैशाखात दुपारी दारं सगळ्यांचीच बंद. विचाराल तर सांगतील, "झळ येते म्हणून." चंद्रपूरचं ऊन पाहता ते कोणाला खोटंही वाटत नाही.

३

ठाणेदार ओळखीचे निघाले. संघप्रियाला त्यांनी मिथुनशी बोलू दिलं.

मिथुन कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. संघप्रियानं समजावलं, दरडावलं, लहानपणची आठवण काढली.

"मायची आन हाये," एवढंच तो म्हणाला.

ती उठून दारापाशी गेली तेव्हा मागून आवाज आला. "संघप्रियाताई, बाटलीत पाणी उरलं होतं का?"

"नाही. थेंबही नव्हता."

मिथुननं तोंड हातांत लपवलं आणि हमसून हमसून रडू लागला. पण त्या रडण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दिसलं ते समाधान होतं, याबद्दल संघप्रियाला शंका नव्हती. माणूस मारून आलेला पोरगा बाटलीतल्या पाण्याची चौकशी कशाला करेल?

बाहेर कमलाबाईंचा मुलगा राजदीप बसला होता. एका रात्रीत तो दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"आई सायंकाळच्या गाडीनं आली असन," तो म्हणाला. "वडस्याहून नेहमी त्याच गाडीनं येते. मंडपात तब्येत बरी वाटून नव्हती राह्यली म्हणे, म्हणून लवकर निघाली. आमाले फोन नाई केला, चिंता करतीन म्हणून. आन वळणावर त्या मिथुननं गाठलं."

टेबलावर कमलाबाईंच्या वस्तू मांडल्या होत्या. चष्मा, पिशवी, तो पांढरा दुपट्टा. कोरा करकरीत दुपट्टा.

"हा मोठीमायचा नाही. तिनं तर जन्मात दुपट्टा बांधला नाही, पदरच घ्यायची."

"वडस्याच्या मंडपात सगळ्या बायाइले वाटले म्हणे," राजदीप म्हणाला.

संघप्रियानं पिशवीत हात घातला आणि तळाशी बोटाला काहीतरी मऊ लागलं. कांदा होता. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच जवळ ठेवतात. पण हा उकडल्यासारखा लिबलिबीत झाला होता, सालीपर्यंत.

तिनं कांदा टेबलावर ठेवला आणि दुपट्ट्याकडे पाहिलं. खुशबूनं शोधलं तेव्हा तो डोक्याला गच्च बांधलेला होता. चंद्रपुरात तोंड बांधल्याशिवाय दुपारी कुत्रंही बाहेर पडत नाही. पण सूर्य कलल्यावर पहिलं काम काय, तर दुपट्टा सोडायचा आणि हाश्शहुश्श करायचं.

"राजदीपभाऊ, सायंकाळी कोणी तोंडाले दुपट्टा बांधते का?"



मोठीमाय दुपारी आली होती. भर उन्हात, टेकडीच्या सगळ्या दारांवरून.

४

"काल दुपारी पायऱ्यांनं कोणी गेलं का, आजी?"

"कोणीच नाई." धुरपता फुटाण्याची टोपली आवरू लागली. दुपार चढत होती. "दुपारी माणूस जाते का तिथून?"

"मग माणूस सोडून कोण गेलं?"

म्हातारीचे हात थांबले. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली नेला. "कोणाले सांगू नको. तेच गेली. मी पाह्यली, या डोयानं. पांढरी फटक. भिंतीले धरून धरून चढून राह्यली होती. माह्याकडे पाह्यलं आन असं केलं." धुरपतानं आपली सुरकुतलेली ओंजळ ओठाला लावली.

"तोंड दिसलं का तिचं?"

"तोंड असन तं दिसन ना! तोंडाच्या जागी पांढरंच होतं. मी दार लावलं, कडी घातली. मंग दुसऱ्या कोणाले नाई तं कमलाले नेलं तिनं."

 संघप्रिया तिथून तडक श्रीहरीभाऊंकडे गेली. ते कूलरसमोर बसून पेपर वाचत होते.

"अंधश्रद्धा, दुसरं काय!" त्यांनी धुरपताची टर उडवली. "मी तं या लोकाले सांगून थकलो."

"काल दुपारी तुमचं दार बंद होतं?"

"झळ येते म्हणून लावतो."

"वाजवलं का कोणी?"

"कुत्रंबित्रं असन. घासते दाराले अंग."

"कुत्रं कडी वाजवतं होय भाऊ?"

"कडी कुठी? हातानं थापटलं, दोन-तीनदा—" श्रीहरीभाऊ बोलून गेले. पेपर हातातून घसरला. 

"उघडून पाह्यलं नाही?"

"तू टेकडीचीच ना वं?" ते कसनुसं हसले. "तू उघडलं असतं?"

 लहानपणी संघप्रियानंही आईच्या मांडीत तोंड खुपसून एकेक दार लागताना ऐकलं होतं.

५

आता वरचं घर. कमलाबाईंचं स्वतःचं.

प्रेत दवाखान्यातून यायचं होतं. खुशबू एकटीच ओट्यावर उभी होती, डोळे सुजलेले. घरी फरशीचा ओटा, लख्ख पुसायची सवय. पण काल-आज पुसणार कोण? संघप्रिया पायरी चढता चढता थांबली. उंबऱ्याला लागून फरशीवर मातकट रंगाचं एक गोल कडं उमटलं होतं. वाळून खडखडीत झालेलं, आणि त्यात गोणपाटाचे दोन-चार धागे चिकटलेले.

खुशबूनं तिची नजर पाहिली. ती खाली बसली आणि बसताना साडीचा घोळ तिनं त्या कड्यावर ओढून घेतला.

"काल दुपारी कोणी आलतं का, खुशबू?"

"कोणीच नाई. मी आत होतो. कूलर चालू होता." विचारायच्या आधीच उत्तर तयार होतं.

म्हणजे ती बाटली इथं, या दारात येऊन टेकली होती. मग मिथुन इथवर आला होता? का सून आणि सासू दोघींत काही घडलं, आणि म्हातारीला वळणावर नेऊन टाकली? राजदीप तर म्हणत होता, दोघींचं मायलेकींसारखं जमायचं.  पायऱ्या उतरताना आपल्या पाठीला कोणीतरी डोळे लावून बसलंय असं संघप्रियाला खालपर्यंत वाटत राहिलं.

पायथ्याला येऊन ती गोकुळाच्या चुलीपुढे बसली.

"मावशी, मिथुननं तिले पाणी देल्लं ना?"

गोकुळाच्या हातातली फुंकणी पडली.

"तुले कोणं सांगतलं?"

"त्यानं बाटलीची चौकशी केली. आन तू त्याले आन घातली, कारण पाणीवालीले पाणी देल्लं हे कळलं असतं तं टेकडीनं तुमाले राहू देल्लं नसतं. खरं ना?"

मग गोकुळाचा बांध फुटला. "अवं, तो जाळं घेऊन खदानीतून वर येऊन राह्यला होता. वळणावर थे बसली होती. तोंड नाई, बोलणं नाई, नुसती ओंजळ. पोट्टं थरथर कापलं. पण बाटली ठेवली तिच्यापुढं आन पयालं घराकडे. मी म्हटलं, मुडद्या, भुताले पाणी देल्लं? तं मले म्हणते, माय, भूत झाली म्हणून तहान लागत नाई का?" तिनं डोळे पुसले. "मंग सायंकाळी कमला मेली. आमाले वाटलं, आमच्याच पाण्यानं मेली. म्हणून लपला तो. म्हणून आन घातली मी."

"त्याची वाचा सोड मावशी. तुझी आन मोड."

६

सांजेला विहारासमोर सगळी टेकडी जमली. ठाणेदार मिथुनला घेऊन आले होते. गोकुळानं सगळ्यांसमोर आन सोडली आणि मिथुननं मान खाली घालून आपली गोष्ट सांगितली. कोणीतरी मागून ओरडलं, "पाणीवालीले पाणी देल्लं यानं!" दोन-चार जण उठले.

"बसा!" संघप्रिया अशी कडाडली की उठलेले पुन्हा बसले. "पाणीवाली कालबी नव्हती, कधीच नव्हती. ऐका आता."

तिनं कांदा दाखवला, दुपट्ट्याचं सांगितलं. मोठीमाय दुपारच्या गाडीनं उतरली होती. तब्येत आधीच बिघडलेली. भर दुपारी कोण रिक्षावाला वर चढतो? ती पायऱ्यांनी निघाली. पौर्णिमेचं पांढरं लुगडं अंगावर तसंच होतं, तोंडाला मंडपात मिळालेला पांढरा दुपट्टा, जो टेकडीवर कोणी पाहिलेला नव्हता. ती वडस्याला आहे हे सगळ्यांना ठाऊक. ऊन लागून घसा असा सुकला की शब्द फुटेना. मग ती काय करणार? ओंजळ करून दाखवणार. दारावर हात थापटणार.

"धुरपताआजी, तुझ्यापुढं तिनंच ओंजळ केली. श्रीहरीभाऊ, तुमच्या दारावर तिचाच हात होता."

धुरपता मोठ्यानं रडू लागली. श्रीहरीभाऊंनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

"वळणावर मिथुननं बाटली ठेवली. मोठीमायनं दुपट्टा खाली ओढला, सगळं पाणी प्याली. पण डोक्यात ऊन शिरलं होतं. भोवळ आली, पायरीवर आपटली, कपाळ फुटलं. कोणी मारलं नाही तिले." तिनं ठाणेदारांकडे पाहिलं. "या पोरानं तर एकट्यानं पाणी पाजलं, साहेब. तेही भूत समजून, जिवाच्या भीतीनं कापत."

ठाणेदारांनी मिथुनच्या खांद्यावरचा हात काढला. गोकुळानं पोराला ओढून छातीशी घेतलं. टेकडीवर कोणाला एकमेकांकडे बघवत नव्हतं. संघप्रियानं पाण्याचा घोट घेतला. तिला जे सांगायचं होतं ते तिनं सांगून टाकलं होतं, आणि पोरगा सुटला होता. फरशीवरच्या कड्याबद्दल ती बोलली नव्हती, आणि बोलणारही नव्हती.

"एक दार राह्यलं, ताई."

खुशबू उभी राहिली होती. राजदीपनं तिचा हात धरून खाली बसवायचा प्रयत्न केला. तिनं हात सोडवून घेतला.

"पाणी प्याल्यावर त्याइले आवाज फुटला. वळणावर नाई पडल्या तवा. त्या घरी आल्या होत्या. बाटली घेऊनच आल्या, उंबऱ्याजवळ ठेवली. दार वाजवलं आन म्हणाल्या, 'खुशबू, मी आहो.'"



"आवाज आईचाच होता. वळखला मी. पण मले लहानपणी सांगतलेलं, पाणी भेटलं की थे घरच्या माणसाचा आवाज काढते म्हणून. पुन्हा म्हणाल्या, 'खुशबू, उघड वं बाई, मी आहो.' मी कडी पाह्यली, लागलेली होती. आन मी आतून म्हटलं, 'आमची आई वडस्याले गेली हाये. तू जाय इथून. जिथी पाणी भेटलं तिथीच जाय.'"

राजदीपच्या तोंडून एक आवाज निघाला, पण तो शब्द नव्हता.

"त्या थोडा वेळ उभ्या होत्या," खुशबू म्हणाली. "मंग म्हणाल्या, 'बरं.' आन गेल्या."